अडीच इंच

एकतीस वर्षं भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलात
मी माणसं सपाट केली.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
गार्ड, पॉइंट्समन, लोको शेडचे फिटर,
पुढची फासळी मागच्या फासळीवर
एकाच काळ्या फिल्मवर.
मधे जागा किती, ते डॉक्टरांनी ओळखायचं.

रिटायर झालो त्या हिवाळ्यात
आठवडे बाजारात, रऊफ मन्यारच्या गोणपाटावर,
कंदिलाच्या काचा आणि एक फुटका स्टोव्ह यांच्या मधोमध
हे पडलेलं: दोन भिंगांचं, नाकासाठी खाच असलेलं
बॅकेलाइटचं काळं डबडं.
रऊफ म्हणाला, दुर्बीण आहे, दोनशे.
मी म्हणालो, दुर्बीण नाही, ऐंशी.
बुडाशी बारीक अक्षरात मेड इन जपान.
आत सेल फुटून हिरवा चिकटा.

आता सतरा आहेत.
एक पत्र्याचं, घडीचं, कागदी फोटोंसाठी, खिशात मावतं.
एक साबणाच्या वडीच्या रंगाचं, त्याचा स्क्रू हरवलेला,
तिथे माझ्या जुन्या चष्म्याचा बसला, एक आटाही न अडता.
एक चोपड्याच्या ड्रॉइंगमास्तरांचं,
त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर केळीचे वेफर्स दिले.
एकाच्या डाव्या भिंगात बुरशीची मुळं,
स्पिरिटने गेली नाहीत,
आता ती तिथलीच म्हणून राहू दिलीत.
कोकिळाने शेवयांच्या डब्यांचं कपाट रिकामं करून दिलं
आणि काही बोलली नाही.
म्हणजे बोललीच.

ओसाकाहून आलेल्यात
विकणाऱ्याची एक जोडी चुकून राहून गेली होती.
अंगण, बादली, आणि सगळीकडे बर्फ.
इथे मे महिना, सत्तेचाळीस,
कूलरला पाणी पुरेना.
शेजारच्या झोपेंची नात डोळे लावून बसली
आणि तिने हात पुढे केला, डब्याच्याही पुढे, हवेत,
बादलीची कडी धरायला.
मग गल्लीभर बातमी.
बायका, पोरं, दूधवाला,
पाळीपाळीने सगळ्यांना थोडा थोडा बर्फ.
पाहून झाल्यावर एकीने पदर अंगाभोवती घट्ट ओढला,
तिचं तिलाच हसू आलं.
मी ओसाकाला पत्र टाकलं, तुमचं अंगण इकडे आलंय.
उत्तर नाही. बर्फ आहे अजून.

मग वाटलं, आपणही करावी एक जोडी.
अवघड काही नसतं.
एक फोटो काढायचा,
कॅमेरा उजवीकडे अडीच इंच सरकवायचा,
दोन बुबुळांत असतं तेवढंच,
आणि दुसरा काढायचा.
मधल्या वेळात कोणी हलू नये.

गच्चीवर कोकिळा जुन्या धोतरावर
ज्वारीचे बिबडे घालत होती.
हलू नको, मी म्हणालो,
एकतीस वर्षांच्या त्याच आवाजात.
मी काय खांब हाये का, ती म्हणाली,
आणि माझ्या अडीच इंचांत
तिने कावळ्याला हाकललं.

स्टेशनरोडवरून प्रिंट आणल्या, कापल्या, चिकटवल्या,
घडीच्या डबड्यात लावल्या.
पाण्याची टाकी मागे, लांब, जागच्या जागी.
बिबडे एकेक उचलून घ्यावेत असे.
परात तर इतकी खोल
की बोटांना पीठ लागेल.
तेवढी तीच थरथरते.
हात वर आहे, आणि हात मांडीवरही आहे.
मी चष्मा पुसला, भिंगं पुसली,
सूत धरून परत मोजलं.
वाया गेली, म्हणालो,
पण तिला दाखवली.

तिने डावा डोळा मिटला.
मग उजवा.
परत डावा.
या डोयात मी बसेल हाये, म्हणाली,
या डोयात उठेल.
चुलीवरचं... नाही, गॅसवरचं दूध वर आलं,
मीच धावत जाऊन बंद केलं,
परत आलो तरी ती तशीच,
घड्याळजीसारखी वाकलेली.
डबडं डोळ्यांवरून न काढताच विचारलं तिने:

कावया कुठी गेला?